साच्यातला रस्ता : जबलपूर आणि डांबरी काँक्रीटच्या नमुन्याचा इतिहास

डांबरी रस्ता शंभर किलोमीटर लांब असो वा दहा, त्याच्या वरच्या थरात खडी किती, डांबर किती आणि पोकळी किती असावी, हे आधी एका लहानशा काळ्या दंडगोलावर ठरते. १०१.६ मिलिमीटर व्यासाचा, ६३.५ मिलिमीटर उंचीचा आणि सव्वा किलोच्या आसपास वजनाचा हा दंडगोल म्हणजे डांबरी काँक्रीटचा प्रयोगशाळेतील नमुना होय. ठरावीक आकारांची खडी, कच आणि दगडाची भुकटी तापवून, तीत तापलेले डांबर कालवून आणि ते सारे गरम असतानाच पसरून व दाबून जो दाट थर तयार होतो, त्याला डांबरी काँक्रीट म्हणतात. त्याच्या नमुन्याविषयी अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांत कृती सापडते, इतिहास सहसा सापडत नाही. वास्तविक रस्त्याचा कस पाहण्याचे काम मिस्त्रीच्या नजरेकडून तराजूकडे आणि तराजूकडून साच्याकडे कसे आले, हा दळणवळणाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग आहे. जबलपूर परिसरात तो विशेष स्पष्ट दिसतो, कारण उत्तर आणि दक्षिण भारताला जोडणारा मार्ग येथून जातो, येथील खडकांची विविधता मोठी आहे आणि या शहराचे प्रशासकीय जीवन दीर्घकाळ नागपूरशी बांधलेले होते. या इतिहासातून पुढे येणारी मुख्य गोष्ट अशी, की नमुना हा सबंध रस्त्याच्या वतीने साक्ष देतो आणि ती साक्ष खरी ठरणे हे तो घडवणाऱ्या हातांच्या शिस्तीवर अवलंबून असते.

कापसाची वाट

गढा-मंडल्याचे गोंड राज्य लयाला गेल्यावर १७८१ मध्ये जबलपूरचा प्रदेश सागरच्या मराठी अंमलाखाली आला आणि १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांकडे दिला. १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि त्यानंतर सागर व नर्मदा प्रदेश या नावाने त्याचा कारभार सुरू झाला. या सगळ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडून जबलपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापूरकडे जाणारी व्यापारी वाट. मिर्झापूर ही त्या काळी कापसाची मोठी पेठ होती आणि वऱ्हाडातला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून सिवनी, जबलपूर असे टप्पे करत तेथे पोहोचत असे. या वाटेचा बराच भाग काळ्या मातीतून जातो. पावसाळ्यात ती माती फुगते आणि चिकट होते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्यामुळे ही वाहतूक मुख्यतः कोरड्या ऋतूतच होत असे.

इंग्रजी अमलात मिर्झापूर-जबलपूर-नागपूर हा मार्ग सरकारी सडक म्हणून बांधण्यात आला. ही बांधणी खडीची होती. स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले होते, की पाण्याचा निचरा नीट केलेल्या जमिनीवर लहान, टोकदार, एकसारख्या आकाराची खडी पसरली, तर ती एकमेकींत गुंतून भक्कम थर देते. खडीचा एकेक तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड नसावा, असा त्याचा नियम होता आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी देखरेख करणाऱ्यांनी लहान तराजू जवळ बाळगावा, अशी त्याची अपेक्षा होती. रस्त्यात जाणारा माल उचलून मोजायचा आणि त्या मोजमापावरून सगळ्या कामाविषयी मत बनवायचे, ही कल्पना या तराजूत बीजरूपाने दिसते.

पुढे खडीवर मुरूम टाकून, पाणी मारून आणि रूळ फिरवून थर बसवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. ती ज्या बैलगाडीसाठी होती तिच्या लोखंडी धावा खडी चिरडत, पण चाकाखाली झालेली भुकटी पाण्याबरोबर पुन्हा फटींत बसे आणि थर काही प्रमाणात आपोआप सांधला जाई. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून रेल्वे जबलपूरला येऊन मिळाल्यावर लांब पल्ल्याची मालवाहतूक रुळांवर गेली आणि सडकेकडे स्टेशनाला माल पोचवण्याचे दुय्यम काम उरले. त्यामुळे रस्त्याच्या बांधणीत सुधारणा करण्याची निकड पुढची पन्नास वर्षे फारशी कोणाला जाणवली नाही.

मोटार, धूळ आणि जयकर समिती

ही निकड मोटारीने निर्माण केली. रबरी टायर वेगाने फिरताना खडीच्या फटींतली बारीक भुकटी शोषल्यासारखी वर उडते, ती वाऱ्याबरोबर निघून जाते आणि बंध सुटलेली खडी मोकळी होते. धुळीने माणसे हैराण होत होतीच, पण धुळीच्या रूपाने रस्ताच उडून जात होता, हे अभियंत्यांच्या लवकरच लक्षात आले. यावरचा उपाय म्हणून युरोप-अमेरिकेत पृष्ठभागावर चिकट काळा पदार्थ ओतण्याचे प्रयोग झाले. आरंभी तो कोळशापासून मिळणारा होता, तर पुढे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा बिटुमेन अधिक वापरात आला. बोलीभाषेत दोहोंनाही डांबरच म्हटले जाते आणि आज रस्त्यावर असते ते बहुतेक सर्वत्र दुसऱ्या प्रकारचे.

भारतात या प्रश्नाचा राष्ट्रीय पातळीवर पहिला पद्धतशीर विचार केला तो १९२७ मध्ये नेमलेल्या आणि बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या रस्ते विकास समितीने. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या जयकरांनी १९२८ मध्ये सादर केलेल्या अहवालात रस्ते हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी करावा, संशोधनाची सोय करावी आणि अभियंत्यांना अनुभवांची देवाणघेवाण करता येईल असे व्यासपीठ उभारावे, अशा शिफारशी होत्या. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही त्यांचीच फळे होत. रस्ते काँग्रेसचे कार्य पुढील काळात मुख्यतः मानके ठरवण्याचे राहिले आणि नमुना कसा घ्यावा, कसा तपासावा, कोणत्या मर्यादेत स्वीकारावा याचे नियम भारतीय अभियंत्यांच्या हाती आले ते बहुतांशी याच मार्गाने.

डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला, जो नागपूर योजना म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, मुख्य व इतर जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही आजही वापरात असलेली वर्गवारी त्यातूनच आली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होती आणि जबलपूर हे त्या प्रांतातील दुसरे महत्त्वाचे शहर. नागपूर-जबलपूर रस्ता पुढे वाराणसी ते कन्याकुमारी या जुन्या सात क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आणि जबलपूर मध्य प्रदेशात गेले. रस्ता मात्र खवासाजवळची नवी सीमा ओलांडून पूर्वीसारखाच वाहता राहिला. दोन राज्यांच्या बांधकाम खात्यांनी सांभाळायच्या अशा रस्त्याला समान मानकांची आणि समान चाचणीची गरज असते, हे वेगळे सांगायला नको.

नमुन्याचा जन्म

डांबर आणि खडी यांचे योग्य प्रमाण कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डांबर कमी पडले तर थर ठिसूळ होऊन खडी सुटते, जास्त झाले तर उन्हात ते वर येऊन पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चाकाखाली चर पडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्लिफर्ड रिचर्डसन हा तज्ज्ञ गरम मिश्रण तपकिरी कागदावर दाबून उमटणाऱ्या डागावरून डांबराचे प्रमाण जोखत असे. डाग फिका असेल तर डांबर कमी, फार गडद असेल तर जास्त, असा हा ठोकताळा होता आणि त्याचे यश पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून होते. १९२० च्या दशकात प्रेव्होस्ट हबर्ड आणि फ्रेडरिक फील्ड यांनी लहान नमुना दाबून त्याचे बळ मोजण्याची पद्धत आणली, तर कॅलिफोर्नियात फ्रान्सिस व्हीम याने वेगळ्या उपकरणांनी स्वतंत्र पद्धत विकसित केली.

आज सर्वाधिक परिचित असलेली पद्धत मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल या अभियंत्याने १९३९ च्या सुमारास मांडली. तिचा प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. जड विमानांच्या चाकांखाली धावपट्ट्या खचू लागल्या तेव्हा अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाला प्रत्यक्ष कामाच्या जागी नेता येईल असे साधे उपकरण हवे होते. १९४३ पासून व्हिक्सबर्ग येथील त्यांच्या प्रयोगकेंद्रात मार्शलची पद्धत पारखण्यात आली, तिच्यात भर घालण्यात आली आणि प्रत्यक्ष चाचणीपट्ट्यांवर वाहने फिरवून तिचे निकष पक्के करण्यात आले. या संशोधनातला सर्वांत मोलाचा विचार दाबणीविषयीचा होता. रोलर फिरून गेल्यावर थर जितका दाट असतो, त्याहून वाहतुकीखाली काही काळाने तो अधिक दाट होतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर हातोड्याचे ठोके इतके द्यावे की त्याची घनता वाहतुकीने पुढे होणाऱ्या घनतेशी जुळावी. नमुन्यात रस्त्याचे भविष्य आधीच दाबून बसवायचे, असा त्याचा अर्थ होतो. टायरमधील हवेचा दाब जसा वाढला तसे ठोके पन्नासावरून पंचाहत्तरांवर नेण्यात आले आणि जड वाहतुकीसाठी दोन्ही बाजूंनी पंचाहत्तर हीच संख्या पुढे रूढ झाली.

मध्य प्रांतात आगमन

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, जबलपूर येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले. तोपर्यंत आणि विशेषतः १९५६ पूर्वी नागपूर-वऱ्हाडातील विद्यार्थ्यांसाठीही जबलपूरचे महाविद्यालय आपल्याच प्रांताचे होते. दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे कामकाज १९५२ मध्ये सुरू झाले, दगडाच्या चाचण्यांची भारतीय मानके १९६३ मध्ये आणि डांबरी काँक्रीटविषयीचे रस्ते काँग्रेसचे मानक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. या मानकांमुळे मार्शलचा साचा आणि हातोडा स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत, बांधकाम खात्याच्या गुणनियंत्रण विभागांत आणि पुढे कंत्राटदारांच्या हॉट मिक्स प्लांटवर स्थिरावला.

जबलपुरात याच काळात रस्त्यावरचे ओझेही वाढत होते. १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या या लष्करी शहरात शक्तिमान मालमोटारींची बांधणी सुरू झाली आणि १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ते-प्रयोगातून असे दिसून आले होते, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुपटीने न वाढता सुमारे सोळा पटींनी वाढते. अशा वाहतुकीसाठी पाणी मारून बसवलेली खडी किंवा तिच्यावर ओतलेला डांबराचा पातळ थर अपुरा होता. दाट मिश्रण आवश्यक झाले आणि दाट मिश्रणाबरोबर त्याचा नमुनाही.

साच्याजवळचे काम

नमुन्याची तयारी खडीच्या ढिगापासून सुरू होते. ढिगातून घेतलेली खडी स्वच्छ फरशीवर शंकूसारखी रचतात, तो शंकू चपटा करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे दूर करतात आणि हवे तितके वजन उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतात. हाताला येईल ते उचलण्याची सवय येथे घातक ठरते, कारण ढिगाच्या पायथ्याशी मोठी खडी घरंगळते आणि मधोमध बारीक साठते. मग खडी भट्टीत १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, चाळण्यांतून गाळून आकारांनुसार वेगळी करतात आणि ठरलेल्या प्रमाणात पुन्हा एकत्र करतात. एका नमुन्यासाठी सुमारे १२०० ग्रॅम खडीपासून सुरुवात करून, दाबलेल्या नमुन्याची उंची ६३.५ मिलिमीटरच्या जवळ यावी यासाठी पुढे ते वजन कमीजास्त करतात. डांबराचे प्रमाण अर्ध्या अर्ध्या टक्क्याने बदलत पाच पायऱ्या घेतात आणि प्रत्येक पायरीला किमान तीन नमुने करतात. म्हणजे एका मिश्रणाचा आराखडा ठरायला निदान पंधरा नमुने हवेत.

खडी आणि डांबर आपापल्या ठरलेल्या तापमानाला तापल्यावर ते कालवतात. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबरासाठी हे तापमान १५० ते १६५ अंशांच्या दरम्यान असते. साचा आणि हातोड्याचा तळही आधी गरम केलेला असावा लागतो, कारण थंड लोखंडाला लागताच मिश्रणाची कड गोठते आणि ठोके नीट बसत नाहीत. साच्याच्या तळाशी गोल कागद ठेवून मिश्रण आत टाकतात आणि तापवलेल्या उलथण्याने कडेने पंधरा वेळा व मध्यभागी दहा वेळा टोचतात, जेणेकरून मोठी खडी एका बाजूला गोळा होऊ नये आणि कडेला पोकळी राहू नये. मग वर दुसरा कागद ठेवून ४.५४ किलो वजनाचा हातोडा ४५७ मिलिमीटर उंचीवरून मोकळा सोडतात. साच्याखालचा लाकडी ठोकळा पक्क्या फरशीला घट्ट बसवलेला असतो, कारण तो हलला तर ठोक्याचे बळ नमुन्यात न जाता जमिनीत जिरते. पंचाहत्तर ठोके झाल्यावर साचा उलटा करून पुन्हा पंचाहत्तर ठोके देतात. हातोड्याचा दांडा जरा कलला, ठोके मोजण्यात चूक झाली किंवा मध्येच थांबल्याने मिश्रण निवले, तर घनता बदलते आणि बाहेरून पाहून त्याचा काही पत्ता लागत नाही.

थंड झालेला नमुना जॅकने साच्यातून बाहेर ढकलतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची तीन वजने घेतात : हवेत कोरडे, पाण्यात बुडवलेले आणि पाण्यातून काढून ओल्या फडक्याने पृष्ठभाग टिपल्यावरचे. या तिसऱ्या वजनाचे महत्त्व एका उदाहरणाने कळते. समजा, एका नमुन्याचे हवेतील वजन १२२४ ग्रॅम, पाण्यातील ७१६ ग्रॅम आणि टिपल्यानंतरचे १२२६ ग्रॅम भरले. टिपल्यानंतरच्या वजनातून पाण्यातील वजन वजा केले की आकारमान ५१० घन सेंटिमीटर निघते आणि घनता २.४० येते. पोकळीरहित मिश्रणाची घनता २.५० असेल, तर नमुन्यात चार टक्के पोकळी आहे. आता फडके नीट न फिरवल्याने केवळ पाच ग्रॅम पाणी पृष्ठभागावर जास्त राहिले, तर आकारमान ५१५ होते आणि पोकळी जवळजवळ पाच टक्के दिसू लागते. डांबरी काँक्रीटसाठी साधारणतः तीन ते पाच टक्क्यांचीच मुभा असते, म्हणजे चमचाभर पाण्याने निकाल मर्यादेच्या मधून थेट काठावर जातो आणि त्या आधारे डांबर वाढवण्याचा चुकीचा निर्णय होऊ शकतो.

यानंतर नमुना ६० अंश तापमानाच्या पाण्यात तीस ते चाळीस मिनिटे ठेवून दोन वक्राकार जबड्यांमध्ये आडवा बसवतात आणि मिनिटाला सुमारे ५० मिलिमीटर वेगाने दाबतात. तो मोडण्यापूर्वी जास्तीत जास्त किती भार घेतो ती त्याची स्थिरता आणि तोवर तो किती चेपला जातो तो त्याचा फ्लो. पाण्यातून काढल्यापासून कमाल भाराची नोंद होईपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू नये, असा दंडक आहे. रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या विनिर्देशांत साध्या डांबराच्या अशा मिश्रणासाठी किमान स्थिरता ९ किलोन्यूटन आणि फ्लो २ ते ४ मिलिमीटर ठरवलेला आहे. पंधरा नमुन्यांचे आकडे आलेखावर मांडले, की स्थिरता, घनता आणि पोकळी यांच्या वक्ररेषांवरून डांबराचे सर्वांत योग्य प्रमाण निघते.

जबलपूरचा दगड

हे प्रमाण एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे लावता येत नाही आणि जबलपूर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, भेडाघाटचे नर्मदेकाठचे कडे डोलोमाइटयुक्त संगमरवराचे, लम्हेटा घाटावरून नाव मिळालेले थर चुनखडी व वालुकाश्मांचे आणि त्यांच्या माथ्यावर दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट, अशी विविधता थोड्या अंतरात येथे आढळते. ग्रॅनाइटमध्ये सिलिकाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे पाणी आत शिरले की त्याच्या पृष्ठभागावरून डांबर तुलनेने लवकर सुटते. बेसाल्ट आणि चुनखडी डांबराला अधिक घट्ट धरतात. ही पकड तपासण्यासाठी डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून तिच्यावरचे आवरण किती टिकले ते पाहतात आणि दाबलेले नमुनेही पाण्यात ठेवून त्यांचे बळ किती उरते ते मोजतात. पकड अपुरी असल्यास मिश्रणात विरवलेल्या कळीच्या चुन्याची भुकटी मिसळणे हा एक प्रस्थापित उपाय आहे. चुन्यासाठी प्रसिद्ध असलेले कटनी १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्याचाच भाग होते, म्हणजे दोष आणि त्यावरचा उतारा दोन्ही या एकाच जुन्या जिल्ह्याच्या भूगर्भात आहेत.

हवामानाचे मापही नमुन्यात उतरलेले असते. मे महिन्यात जबलपूरचे तापमान चाळिशीपार जाते आणि काळा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. नमुना ६० अंशांच्या पाण्यात ठेवण्यामागे अशाच तापलेल्या रस्त्याची कल्पना आहे. नंतर येणारा पावसाळा पोकळीतून पाणी आत घालतो. पोकळी तीन टक्क्यांपेक्षा फार कमी ठेवली तर उन्हाळ्यात प्रसरण पावणाऱ्या डांबराला जागा उरत नाही आणि फार जास्त ठेवली तर पावसाला वाट मिळते. आणखी एक मर्यादा येथे लक्षात घ्यावी लागते. काळ्या मातीचा पाया फुगून-आकसून हलत असेल, तर वरच्या थराचा नमुना कितीही चांगला उतरला तरी रस्ता वाचत नाही, कारण नमुना फक्त आपल्या थरापुरतीच साक्ष देतो.

साक्ष आणि साक्षीदार

१९८७ ते १९९३ या काळात अमेरिकेत झालेल्या संशोधनातून सुपरपेव्ह ही नवी पद्धत आली. तिच्यात हातोड्याऐवजी थोडा कलता ठेवलेला साचा दाबाखाली गोल फिरवून नमुना तयार करतात, त्यामुळे खडीची मांडणी रोलरखालच्या मांडणीशी अधिक जुळते. भारतातील संशोधनसंस्थांत ही यंत्रे आली आहेत. तरीही रोजच्या कामावर मार्शलचाच साचा चालतो, कारण तो स्वस्त आहे, वाहून नेता येतो आणि त्याच्या आकड्यांची सवय दोन पिढ्यांना झालेली आहे. यांत्रिक हातोडे आल्याने ठोके मोजण्याचे कष्ट कमी झाले. ढिगातून खडी निवडणे, तापमान राखणे, साचा भरणे आणि ओला पृष्ठभाग टिपणे ही कामे मात्र अजूनही माणसाच्याच हातात आहेत.

म्हणूनच या चाचणीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न शेवटी माणसांच्या विश्वासार्हतेपाशी येतो. चांगली खडी वेचून केलेला नमुना चाचणीत उत्तीर्ण होईल, पण तो त्या रस्त्याचा नमुना राहणार नाही. हा धोका ओळखूनच व्यवस्थेने एकाला तीन नमुने, नोंदवही, दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळणी आणि तयार रस्त्यातून कापून काढलेल्या गाभ्याची तपासणी, असे एकावर एक पहारे बसवले. जयकर समितीने पैशाची आणि विचारविनिमयाची सोय केली, नागपूरच्या परिषदेने रस्त्यांची वर्गवारी लावली, मार्शलने साचा दिला. या साऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो तो प्रयोगशाळा सहायक तापलेल्या साच्यापाशी उभा राहून पंचाहत्तरावा ठोका चुकवत नाही तेव्हा. रस्त्यांच्या इतिहासात समित्या, योजना आणि अभियंते यांना योग्य ते स्थान मिळालेले आहे. त्याच इतिहासात या सहायकाचे कौशल्य स्वतंत्र कारागिरी म्हणून नोंदवले गेले पाहिजे आणि तिला लागणारे प्रशिक्षण, पुरेसा वेळ व नापास नमुना नापास म्हणून लिहिण्याचे स्वातंत्र्य तिला मिळाले पाहिजे. ते मिळते तेथे नमुन्याचा आकडा आणि रस्त्याचे आयुष्य यांचा मेळ बसतो, आणि दोन राज्यांना जोडणाऱ्या या जुन्या कापसाच्या वाटेवरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांची सुरक्षितता त्या मेळावरच अवलंबून आहे.